वाघाच्या जंगलात पक्ष्यांसाठी : उमरेड-पवनी-कऱ्हांडला परिसरातला एक दिवस

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य नागपूरपासून साधारण साठ किलोमीटरवर, नागपूर आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. १८९ चौरस किलोमीटरच्या या जंगलाला २०१२ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पण त्याचे नाव घरोघरी पोहोचले ते 'जय' या वाघामुळे. तो २०१३ मध्ये नागझिऱ्याहून चालत इकडे आला आणि २०१६ मध्ये दिसेनासा झाला. इथली सफारी तेव्हापासून वाघाभोवतीच फिरते. जिप्सी कुठे थांबणार, किती वेळ थांबणार आणि कधी सुसाट निघणार, हे सगळे वाघाच्या बातमीवर ठरते. पक्षी पाहायला येणाऱ्याला ही रीत अजिबात सोयीची नाही. त्याने आपला दिवस पाणी आणि उजेड या दोन गोष्टींवर आखावा, आणि त्यातला निम्मा दिवस अभयारण्याच्या फाटकाबाहेर घालवावा.

त्यासाठी आधी जमीन समजून घ्यायला हवी. अभयारण्याच्या आत साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबूचे कोरडे पानझडी जंगल आहे. पूर्वेला वैनगंगा आणि तिच्यावरील गोसीखुर्द धरणाचा पसारा. आजूबाजूला धानाच्या बांध्या, बोड्या आणि लहानमोठे तलाव. पूर्व विदर्भातले हे जुने तलाव मालगुजारांच्या काळात बांधले गेले, म्हणून त्यांना माजी मालगुजारी किंवा नुसते 'मामा तलाव' म्हणतात. जंगल, शेत आणि पाणी असे तीन वेगळे अधिवास इथे हाकेच्या अंतरावर असल्यामुळे एकाच दिवसात झाडावरचा धनेश, बांधावरची टिटवी आणि पाण्यातला चक्रवाक अशी तिन्ही ठिकाणची मंडळी भेटू शकतात. उमरेड तालुक्यातले पारडगाव, सायकी आणि मकरधोकडा हे जलाशय नागपूरच्या पक्षीमित्रांच्या नेहमीच्या वाटेवरचे आहेत.

पाणपक्ष्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. स्थलांतरित बदके ऑक्टोबरपासून येऊ लागतात, पण तेव्हा तलाव काठोकाठ भरलेले असतात आणि पक्षी दूरवर विखुरतात. रब्बीसाठी पाणी सोडले जाते, पातळी उतरते, जानेवारीत कडेचा चिखल उघडा पडतो. मग तुतवार, शेकाट्या, धोबी यांची गर्दी होते आणि ती काठाजवळ असते. तलावाखालची जमीन उघडी पडताच गाळपेर सुरू झाली, तर माणसांची वर्दळही वाढते, हेही लक्षात ठेवावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुलते. पाने गळालेली, फुले लालभडक आणि त्यांवर मधासाठी जमलेले शिंजीर, मैना, हळद्या, कोतवाल : छायाचित्रकाराला फांदीच्या आड डोकावावे न लागणारे हे मोजके आठवडे. एप्रिल-मेमध्ये विदर्भाचा पारा ४५ अंशांवर जातो आणि सगळे जंगल पाणवठ्यांवर येते. स्वर्गीय नर्तक पाणवठ्यावर सूर मारून आंघोळ करतो तो याच दिवसांत. पावसाच्या तोंडावर नवरंग येतो. तो दिसण्याआधी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते, आणि ती बहुधा पहाटे किंवा संध्याकाळी. पावसाळ्यात सफारी बंद असते. त्या काळात बाहेरच्या बांध्या आणि तलावच काय ते उरतात.

वैशाख पौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्यांवरील मचाणांवर नागरिकांना बसू देतो. 'निसर्गानुभव' नावाने ओळखला जाणारा हा उपक्रम मुख्यतः प्राणिगणनेच्या परंपरेतला आहे, पण घुबडे आणि रातवे यांचे आवाज शिकायला याहून चांगली शाळा नाही. छायाचित्राची आशा मात्र त्या रात्री घरी ठेवून जावे.

हिवाळ्यातल्या दिवसाची आखणी करताना बहुतेक जण सकाळची सफारी घेतात आणि परतीच्या वाटेवर, भर दुपारी, तलावावर उतरतात. हा क्रम उलटा करावा. तलावाला फाटक नाही, आरक्षण नाही, वेळेचे बंधन नाही; अंधारातच जाऊन बसता येते. जानेवारीत नागपूरकडे सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, म्हणजे पहाटे सव्वापाचला शहर सोडले तर साडेसहाच्या आत तलावाच्या पाळीवर पोहोचता येते. आठ-साडेआठपर्यंत पाण्यावर धुके असते आणि त्यातून येणारा उजेड मऊ असतो. दहानंतर ऊन वर चढते, पाणी चकाकू लागते, दूरच्या पक्ष्याभोवती हवा थरथरते आणि कितीही महागडी लेन्स असली तरी चित्र धूसर येते. तेव्हा उमरेडला जाऊन तर्री-पोहे खावेत. दुपारची सफारी घ्यावी. तिचे शेवटचे दोन तास पक्ष्यांचे असतात. उन्हाळ्यात मात्र दोन्ही वेळा जंगलातच जाव्यात, कारण तलाव आटलेले आणि उघडे असतात.

सफारीचे आरक्षण वनविभागाच्या संकेतस्थळावरून आगाऊ करावे लागते. कऱ्हांडला, गोठणगाव आणि पवनीकडील बाजू अशी वेगवेगळी प्रवेशद्वारे आहेत, त्यामुळे आरक्षण करताना आणि निघताना दोन्ही वेळा द्वाराचे नाव तपासावे. साप्ताहिक सुटी, कॅमेऱ्याचे शुल्क आणि मोबाईलविषयीचे नियम वेळोवेळी बदलतात. ते आरक्षणाच्या वेळीच पाहून घ्यावेत. आरक्षणात दिलेले मूळ ओळखपत्र सोबत असावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जिप्सी शक्यतो आपल्याच गटाची असावी. वाघासाठी आलेल्या चार अनोळखी माणसांसोबत बसून सुतारपक्ष्यासाठी वीस मिनिटे गाडी थांबवता येत नाही, आणि तशी अपेक्षा करणेही रास्त नाही. गाइड आणि चालकाला फाटकावरच सांगावे की पक्षी पाहायचे आहेत. हे स्थानिक गावांतले तरुण असतात; वाघाच्या मागणीखाली त्यांचे पक्ष्यांचे ज्ञान झाकलेले असते. एकदा विचारले की कोणत्या ओढ्यावर मोरघार बसते आणि कोणत्या ढोलीत पिंगळा राहतो, हे तेच सांगू लागतात.

साहित्यात पहिली खरेदी दुर्बिणीची असावी, कॅमेऱ्याची नव्हे. दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते. पहिला आकडा किती पट मोठे दिसते ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच येतात, म्हणजे डोळ्याकडे येणारा उजेडाचा झोत सव्वापाच मिलिमीटरचा. १०×४२ मध्ये तोच ४.२ मिलिमीटर होतो. पहाटेच्या अंधुक प्रकाशात आणि हलत्या जिप्सीत आठपटीची दुर्बीणच बरी पडते. दहापटीत पक्ष्याबरोबर हाताचा कंपही दहापट दिसतो. मोठ्या जलाशयासाठी तिपाईवरची स्पॉटिंग स्कोप असेल तर उत्तम, पण गटात एक पुरे. कपडे मातकट किंवा मळकट हिरवे असावेत. पांढरा सदरा तलावाच्या पाळीवर दूरवरून चमकतो आणि बदके पाण्याच्या मध्यभागी सरकतात. डिसेंबरात उघड्या जिप्सीत सकाळी हात गारठतात, उन्हाळ्यात दुपट्ट्याशिवाय डोके उघडे ठेवणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे. माणशी तीन लिटर पाणी ही उन्हाळ्यात चैन नाही.

आता तलावाविषयी थोडे सविस्तर, कारण नवा निरीक्षक सर्वांत जास्त वेळ वाया घालवतो तो इथेच. मालगुजारी तलावाची रचना साधी असते : उताराच्या खालच्या बाजूला मातीची पाळ आणि वरच्या बाजूला हळूहळू उथळ होत गेलेला काठ. पाळीजवळ पाणी खोल. तिथे बुडी मारणारे पाणकावळे, टिबुकल्या, शेंडी बदके. मधल्या भागात शिंगाडा, कमळ किंवा जलपर्णी असेल तर कमळपक्षी पानांवरून चालताना आणि जांभळ्या पाणकोंबड्या देठ सोलताना दिसतात. जलपर्णीला इकडे गावातही 'इकॉर्निया' म्हणतात. गोसीखुर्दच्या पाण्यावर तिचे थर पसरतात. वरच्या उथळ काठाला चिखल असतो आणि तिथे लांब पायांची मंडळी : शेकाट्या, तुतवार, चमचा, चित्रबलाक, आणि चोचीत फट असलेला मुग्धबलाक. गोगलगायीचे कवच पकडायला ती फट उपयोगी पडते. म्हणजे तलावावर पोहोचताच 'पक्षी कुठे आहेत' असे न विचारता 'पाण्याची खोली कुठे किती आहे' असे विचारले, तर अर्धे उत्तर मिळालेच.

दुसरा प्रश्न उजेडाचा. सकाळी सूर्य पाठीशी हवा, म्हणून पूर्वेच्या काठावर बसावे आणि पश्चिमेकडे पाहावे. त्या बाजूला पाळ असेल तर भाग्य. नसेल तर बांधाचा किंवा बेशरमीच्या झुडपांचा आडोसा शोधावा. पाळीवर उभे राहिले की माणूस आकाशावर उमटतो आणि सगळा तलाव उठतो. पाळीच्या उतारावर, माथ्यापेक्षा खाली बसावे आणि एकदा बसल्यावर निदान चाळीस मिनिटे हलू नये. पहिल्या दहा मिनिटांत उडालेले पक्षी परत येतात. पंधराव्या-विसाव्या मिनिटाला ते बसलेल्या माणसाला दगड समजू लागतात. तलावाला फेरी मारणाऱ्याला पक्ष्यांच्या पाठीच दिसतात. ढिवर बांधव डोंग्यातून जाळी टाकायला निघाले तर तक्रार करू नये. तलाव त्यांच्या पोटाचा आहे, आणि डोंग्याला सरावलेली बदके त्याच्यापासून जेमतेम सरकतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलले तर कालपर्यंत हंस कुठे उतरत होते हे कळते.

हंस म्हणजे पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या आडव्या पट्ट्या असलेला हा पाहुणा मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो. हे थवे रात्री आणि पहाटे हरभरा-लाखोळीच्या शेतात चरतात आणि दिवस चढला की तलावाच्या उघड्या काठावर विसावतात. त्यामुळे ते पाण्यावर येताना टिपायचे तर सूर्योदयाच्या वेळी जागेवर असावे लागते. विश्रांती घेणाऱ्या थव्याच्या दिशेने चालत जाणे हा सर्वांत वाईट प्रकार. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला एका फोटोसाठी पुन्हा हवेत ढकलण्यात शहाणपण नाही, आणि तो फोटोही शेपटीचाच येतो. थव्यातल्या एकदोघांनी मान ताठ केली की तिथेच थांबावे.

जंगलातली गत वेगळी. तिथे बराच वेळ काहीच दिसत नाही आणि मग एका झाडावर पाच मिनिटांत दहा जाती उतरतात. हा मिश्र थवा. हिवाळ्यात कोतवाल, गोमेट, वटवट्या, सुतार, वल्गुली असे वेगवेगळे पक्षी एकत्र किडे टिपत फिरतात. एकाने उडवलेला किडा दुसऱ्याच्या तोंडी लागतो आणि शिकऱ्यावर अनेक डोळे राहतात. थवा भेटला की गाडीचे इंजिन बंद करावे आणि तो पुढे जाईपर्यंत तिथेच राहावे. त्याच्या मागे गाडी हाकली तर तो झाडीत शिरतो. सातभाई, बुलबुल आणि शिंजीर एखाद्या झाडाभोवती गलका करत असतील तर त्या झाडात बहुधा पिंगळा किंवा घुबड दडलेले असते. पिंपळ-उंबर फळांनी लदलेला असेल तर हरियाल, तांबट आणि धनेश यांच्यासाठी थांबावे. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पानांच्या रंगात तो इतका मिसळतो की पडणाऱ्या फळांच्या टपटपीवरून आधी त्याचा पत्ता लागतो. परतीच्या वाटेवर, अंधार दाटताना, धुळीच्या रस्त्यावर रातवा पोट टेकून बसलेला असतो. चालकाला आधीच सांगून ठेवले नसेल तर तो दिव्यांत दिसेपर्यंत उशीर होतो.

पक्षी ओळखताना पुस्तक किंवा ॲप आधी उघडू नये. आधी पाहावे, मग लिहावे, मग शोधावे. आकार चिमणी, साळुंकी, कावळा, घार या चार मापांशी ताडावा. चोच, शेपूट, पायांचा रंग, बसण्याची आणि उडण्याची पद्धत टिपावी. रंग शेवटी, कारण उजेड रंगाविषयी खोटे बोलतो. बगळ्यांचेच पाहा. छोट्या बगळ्याची चोच काळी आणि पाय काळे, पण पंजे पिवळे, जणू मोजे घातलेले. मोठ्या बगळ्याच्या तोंडाची रेषा डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच थांबते. गुरांच्या पायांत किडे टिपणारा आखूड मानेचा तो गायबगळा. बांधावर मातीच्या रंगाचा वंचक बसलेला असतो, तो उडाला की पांढरे पंख उघडतात आणि नवखा माणूस म्हणतो, हा कोण नवीन आला! मर्लिनसारखे आवाज ओळखणारे ॲप उपयोगी आहे, पण कोतवाल आणि भृंगराज दुसऱ्यांच्या नकला करतात. ॲपने शिकऱ्याचे नाव सांगितले म्हणून वहीत शिकरा लिहू नये. डोळ्यांनी पाहिल्यावर लिहावा.

छायाचित्रणाकडे यावे ते या सगळ्यानंतर. चारशे ते सहाशे मिलिमीटरपर्यंत पोहोचणारी झूम लेन्स इथे पुरेशी आहे. बसलेल्या पक्ष्यासाठी शटर १/५०० सेकंद, चालत्या पाणपक्ष्यासाठी १/१०००, उडणाऱ्यासाठी १/२००० किंवा त्याहून जलद. छिद्र एफ ५.६ ते ६.३, आणि आयएसओ स्वयंचलित ठेवून त्याला ३२०० ची मर्यादा घालावी. थोडा खरखरीत पण स्पष्ट फोटो दुरुस्त होतो, गुळगुळीत पण हललेला कधीच होत नाही. फोकस सतत मागोवा घेणाऱ्या पद्धतीवर आणि डोळ्यावर. काळपट पाण्यावरचा पांढरा बगळा कॅमेरा जास्त उजळ करतो आणि पिसांचा पोत जळून जातो. तिथे एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावे. उजळ आकाशावरचा सर्पगरुड उलट काळा ठिक्कर येतो. तिथे एक स्टॉप वाढवावे. हे दोन बदल अंगवळणी पडले की घरी संगणकावर घालवायचे कितीतरी तास वाचतात.

जिप्सीत तिपाई चालत नाही. रिकामी कापडी पिशवी सोबत न्यावी, वाटेतल्या किराणा दुकानातून दोन किलो तांदूळ भरून घ्यावेत आणि ती गाडीच्या कडेवर ठेवून लेन्स टेकवावी. दिवस संपला की तांदूळ घरी शिजवता येतात. टिपताना इंजिन बंद आणि गाडीतले सगळे स्थिर हवेत. एक जण उठून बसला तरी सहाशे मिलिमीटरच्या चौकटीत भूकंप होतो. तलावावर मात्र कॅमेरा जमिनीलगत न्यावा. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून घेतलेल्या चित्रात मागचा काठ विरघळून जातो, आणि वरून घेतलेल्या चित्रात फक्त चिखल दिसतो. सगळ्यांनाच पक्षी चौकटभर हवा असतो. पण पळसाच्या एका फांदीवर छोटासा शिंजीर आणि भोवती फिकट आकाश, असे चित्र अधिक काळ पाहावेसे वाटते आणि त्यासाठी जवळ जावेही लागत नाही.

वागणुकीचे नियम मोजके आहेत आणि त्यांना अपवाद नाही. आवाजाची ध्वनिफीत वाजवून पक्ष्याला बोलावू नये. वीण हंगामात तो प्रतिस्पर्धी आला समजून घरटे सोडून धावत येतो. घरट्याचा फोटो घेऊ नये, त्याच्या आड येणारी फांदी वाकवू किंवा तोडू नये, आणि घुबडाची ढोली किंवा घरट्याची जागा समाजमाध्यमांवर सांगू नये. रात्री फ्लॅश मारू नये. जिप्सीतून उतरू नये. ३१ डिसेंबर २०२४ रोजी याच अभयारण्यात गोठणगाव परिसरात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. समोर गाड्यांची रांग दिसली की पक्षीनिरीक्षकाच्या जिप्सीने दुसरा रस्ता धरावा. पक्षी तसेही त्या रस्त्यावर नसतात.

घरी परतल्यावर त्याच रात्री नोंद पुरी करावी : तारीख, वेळ, तलावाचे नाव, हवा, जात, संख्या, काय करत होता. संख्या अंदाजाने असली तरी लिहावी. दहाचा गट मोजून थव्यावर तो किती वेळा बसतो हे पाहिले की अंदाज बराच जवळ येतो. ई-बर्डवर ती यादी टाकली तर ती इतरांनाही उपयोगी पडते. महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. नागपुरात दीर्घकाळ राहिलेले आणि नवेगावबांधच्या पक्ष्यांवर लिहिणारे वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ तारखेला, सालीम अलींचा १२ तारखेला. नवी वही सुरू करायला हा मुहूर्त चांगला, कारण तेव्हा बदके नुकतीच येऊ लागलेली असतात.

स्थळ आणि तारीख खरी असण्याला किती मोल असते, हे रानपिंगळ्याच्या बाबतीत दिसले. हा पक्षी शंभराहून अधिक वर्षे कुणालाच जिवंत सापडला नव्हता. संग्रहालयातला त्याचा एक नमुना १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचे लिहिलेले होते. ती चिठ्ठी खोटी आहे, नमुना दुसऱ्या संग्रहातून चोरलेला आहे, हे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघड केले. मग त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. त्या एका खोट्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांना कितीतरी वर्षे भलत्याच ठिकाणी पाठवले होते. म्हणून वहीत शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह काढावे, आणि ज्या तलावावर पक्षी दिसला त्याच तलावाचे नाव लिहावे.

झोपण्यापूर्वी कॅमेरा उघडून धूळ झाडावी. विदर्भातल्या जंगल-रस्त्यांची पिवळी धूळ लेन्सच्या कड्यांत शिरते आणि महिन्याभरात झूम करकरू लागते. हवेच्या रबरी फुग्याने आधी धूळ उडवावी, मग ब्रश, कापड सर्वांत शेवटी. उलट केले तर कणांनी भिंगावर ओरखडे पडतात. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, आणि पुड्या ओलावल्या की कोरड्या करून पुन्हा वापराव्यात.